क्रासिन: बाकीच्या दिवशी हे जहाज काय करायचं?

नांगर_टाका

गेल्या सप्टेंबरात कामासाठी पंधरा दिवस सेंट पीटर्सबर्गला होतो. एका रविवारी नेव्हा नदीच्या काठाने चालत गेलो. वासिलियेव्स्की बेटाच्या धक्क्याला 'क्रासिन' बांधून ठेवलेलं आहे, जुनं बर्फफोडी जहाज, आता संग्रहालय. तिकीट काढून आत गेलो आणि तीन तास बाहेर आलो नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २५ मे १९२८ ला इटलीच्या उम्बेर्तो नोबिले यांचं 'इटालिया' हे हवाई जहाज (वायूच्या मोठ्या फुग्याखाली केबिन असलेलं) उत्तर ध्रुवावरून परत येताना बर्फावर कोसळलं. आत सोळा माणसं होती. खालची केबिन फुटून दहा जण बर्फावर पडले, त्यातला एक तिथेच गेला. बाकीच्या सहा जणांना घेऊन फुगा वर उडाला, ते कधीच सापडले नाहीत. बर्फावर उरलेल्या नऊ जणांपैकी सात जणांना १२ जुलै १९२८ या एकाच दिवशी 'क्रासिन'ने उचललं.

घरी आल्यावर बाबांना फोटो दाखवले. बाबा मुंबई बंदरात टगवर सारंग होते, चौतीस वर्षं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "ते एक दिवसाचं झालं. बाकीच्या दिवशी काय करायचं हे जहाज?"

मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. जहाजाचं मोठेपण त्या एका उन्हाळ्यात धरायचं की उरलेल्या साठ-सत्तर वर्षांच्या नोकरीत?

---

वसुधा_टाइनकाठ

अरे वा, आमच्या गावचं जहाज! मी न्यूकॅसलला राहते. 'क्रासिन' इथे आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीने बांधलं, १९१६ साली पाण्यात सोडलं आणि १९१७ मध्ये रशियाला दिलं. तेव्हा नाव होतं 'स्व्यातोगोर'. रशियन लोककथांमधला हा इतका अवजड वीर की धरणीलाही त्याचा भार सोसत नसे. बर्फावर चढून आपल्या वजनाने तो फोडणाऱ्या जहाजाला यापेक्षा नेमकं नाव सापडणार नाही.

बांधकामावर देखरेखीला रशियातून नौदलाचे अभियंते आले होते. त्यात येवगेनी झाम्यातिनही होते. लेखक म्हणून त्यांचं नाव पुढे जगभर झालं, पण इथे ते जेझमंड भागात राहून जहाजं तपासत होते. त्या गोद्यांची जागा मी नेहमी बघते. हातोड्यांचा आवाज किती दूर जात असेल, असं दरवेळी मनात येतं.

---

इंजिनरूम

बाबांना माझा नमस्कार सांगा. प्रश्न अगदी बंदरात काम केलेल्या माणसाचा आहे.

मी मर्चंट नेव्हीत एकवीस वर्षं काढली. त्यातले दोन हिवाळे फिनलंडच्या आखातात जाणाऱ्या एका बल्क कॅरियरवर थर्ड इंजिनिअर होतो. त्यामुळे 'बाकीच्या दिवशी' बर्फफोडी जहाज काय करतं ते मी मागून पाहिलंय, अक्षरशः मागून. ते पुढे चालतं आणि आपण त्याने कापलेल्या वाटेतून जायचं. वाट लगेच मिटायला लागते. फार मागे पडलात तर अडकलात. फार जवळ गेलात आणि पुढचं जहाज जाड बर्फाला अडून थांबलं, तर त्याच्यावर आदळलात. अंतर किती ठेवायचं, वेग किती ठेवायचा, सगळं त्यांच्या हुकमाने. एखादं जहाज अगदीच रुतलं की ते मागे येतं. त्याच्या पिछाडीला एक खाच असते, त्या खाचेत आपली नाळ, म्हणजे पुढचं टोक, ओढून घट्ट बांधतात आणि तसंच ओढत नेतात.

खाली इंजिनरूममध्ये आमची वेगळीच लढाई. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी तळातून आत घ्यावं लागतं. तिथे बर्फाचा रवाळ लगदा येऊन बसतो आणि पाणी बंद होतं. मग बॅलास्ट टाकीतलं (तोल राखायला जहाजात भरलेलं) पाणी फिरवत ठेवायचं. रात्रभर गेजकडे बघत बसायचं. आणि बाहेरून कण्यावर करवत चालवल्यासारखा बर्फाचा आवाज.

सांगायचं ते हे. अशी वाट रोज काढली तेव्हा बातमी कुठेच आली नाही. बातमी न येणं हेच त्या कामाचं यश.

---

अनघा_पु

माझी मुलगी (वय ७) शेजारी बसून ऐकतेय. ती विचारतेय की जहाज बर्फ 'कापतं' की 'फोडतं', आणि फोडलेल्या बर्फाचे गोळे करतात का.

---

इंजिनरूम

@अनघा_पु, लेकीला सांगा: फोडतं. नाळेचा खालचा भाग तिरका असतो, घसरगुंडीसारखा. जहाज जोर लावून बर्फावर थोडं चढतं आणि स्वतःच्या वजनाने बर्फ खाली दाबून मोडतं. नाही मोडला तर मागे यायचं आणि पुन्हा धाव घेऊन चढायचं. बाजूने अडकलं तर पोटातल्या टाक्यांतलं पाणी एका कडेकडून दुसऱ्या कडेला पंपाने ढकलतात, मग अख्खं जहाज डुलतं आणि बर्फाची पकड सुटते. तळ गोलसर असल्यामुळे उघड्या समुद्रात मात्र ते भयंकर हेलकावतं.

गोळे होत नाहीत, पण आमच्या कुकने एकदा डेकवरचा बर्फ घेऊन काला खट्टा केला होता.

---

प्रतिवाद

इंजिनरूम, तुमच्या अनुभवाचा आदर ठेवून असहमत.

रोजचं काम सगळीच जहाजं करतात. १९२८ मध्ये 'क्रासिन'ने जे केलं ते इतरांना जमलं नाही. इटली, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, फ्रान्स, सगळ्यांची विमानं आणि जहाजं शोधात होती. स्वतः नॉर्वेचे ध्रुवसंशोधक आमुंडसेन १८ जूनला 'लाथाम ४७' विमानातून निघाले आणि बरोबरच्या पाच जणांसह कायमचे नाहीसे झाले. स्वीडिश वैमानिक लुंडबोर्ग बर्फावर उतरले, नोबिले आणि त्यांची कुत्री टिटिना यांना घेऊन गेले, दुसऱ्या फेरीत विमान उलटलं आणि तेच तंबूत अडकले. विमान एकेकाला आणू शकत होतं, तेही हवा बरी असेल तर. शेवटी माणसं सुटली ती कोळशावर चालणाऱ्या त्या अवजड जहाजामुळे.

ते धाडस इतिहासात वर राहणारच, आणि राहावंही.

---

हॅमवाला_नाशिक

तुम्ही दोघं जहाजावर भांडताय, पण जहाज निघालं कशामुळे ते सांगा की!

बर्फावर पडलेल्या सामानात एक छोटा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर सुखरूप सापडला. रेडिओ ऑपरेटर ज्युसेप्पे बिआजी यांनी मोडक्यातोडक्या वस्तूंतून अँटेना उभी केली आणि रोज संदेश पाठवत राहिले. त्यांचं स्वतःचं तळजहाज 'चित्ता दी मिलानो' नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार बेटांवरच्या किंग्ज बेमध्ये उभं होतं, पण तिथे काही ऐकू येईना. ऐकलं कोणी? रशियातल्या वोझनेसेन्ये-वोखमा नावाच्या खेड्यातल्या निकोलाय श्मिट या हौशी तरुणाने, ३ जून १९२८ ला, घरी जोडलेल्या रिसीव्हरवर. शॉर्टवेव्हची लहर वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होते आणि मधला पट्टा ओलांडून दूर उतरते, म्हणून जवळच्याला ऐकू गेलं नाही आणि दूरच्याला गेलं.

आम्ही हौशी रेडिओवाले हा किस्सा दरवर्षी नव्या मुलांना सांगतो. रात्री दोनला हेडफोन लावून बसलेल्या माणसाला घरचे विचारतात, याचा उपयोग काय. हा बघा उपयोग.

---

सुमेधा_के

वाचतेय. लाल तंबूचं काहीतरी होतं ना? तो मुळात लाल होता का?

---

नांगर_टाका

@सुमेधा_के, मुळात नव्हता. उंची मोजायला खाली टाकायचे रंग भरलेले काचेचे गोळे त्यांच्याकडे होते. तो रंग तंबूवर फासला, विमानातून दिसावा म्हणून. काही दिवसांत रंग उडून गेला, नाव राहिलं.

@प्रतिवाद, तुमचा मुद्दा पटतो, म्हणून तो प्रवास नीट लिहितो. तुकड्यातुकड्यात सांगितला तर त्याचं वजन कळत नाही.

'क्रासिन' त्या वेळी लेनिनग्राडला (म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गला) धक्क्यावर थंड पडून होतं. कोळसा नाही, खलाशी पुरेसे नाहीत. चार-पाच दिवसांत सगळी जमवाजमव करून १६ जूनला निघालं. मोहिमेचे प्रमुख प्राध्यापक रुडॉल्फ सामोयलोविच, कप्तान कार्ल एग्गी. बर्गनला कोळसा भरला आणि स्वालबारच्या उत्तरेला बर्फात शिरले. तिथे डाव्या पंख्याची एक पाती तुटली, सुकाणूलाही मार बसला. जहाज अडलं.

मग डेकवरचं तीन इंजिनांचं युंकर्स विमान बर्फावर उतरवलं. वैमानिक बोरिस चुखनोव्स्की १० जुलैला उडाले. तंबू सोडून पायी निघालेल्या तिघांपैकी दोघे त्यांना दिसले, पण धुक्यामुळे जहाजाकडे परतता येईना. खडबडीत बर्फावर उतरताना विमानाची चाकं-स्की मोडली. तिथून त्यांनी जहाजाला जागा कळवली आणि म्हणाले, आधी त्यांच्याकडे जा, आम्ही थांबू शकतो.

अडकलेल्या माणसाने असं म्हणणं. मी संग्रहालयात त्या कोपऱ्यात बराच वेळ उभा होतो.

१२ जुलैला सकाळी झाप्पी आणि मारिआनो सापडले, मारिआनोंचा पाय हिमदंशाने गेलेला. तिसरे, स्वीडिश शास्त्रज्ञ फिन माल्मग्रेन, वाटेतच राहिले होते. चालवेना तेव्हा त्यांनीच बाकीच्या दोघांना पुढे जायला सांगितलं, असं झाप्पींनी नंतर सांगितलं. त्याच संध्याकाळी तंबूतले पाच: विलिएरी, बेहौनेक, त्रोयानी, चेचिओनी आणि बिआजी. मग चुखनोव्स्की आणि त्यांच्या साथीदारांना आणायला जहाज गेलं.

---

भाऊ_दाभोळ

पाती तुटलेला पंखा घेऊन चालवलं? आमच्या ट्रॉलरच्या पंख्याला जाळं गुंडाळलं तरी अख्खी होडी थरथरते. तसंच चालवायला गेलो तर तांडेल शिव्या घालतो. ही माणसं त्या अवस्थेत बर्फावर धडका देत होती. नमस्कार.

---

हिमाद्री_परत

उशिरा आले, पण मला बोलायलाच हवं.

मी गोव्याची. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या एका प्रकल्पात होते आणि त्या निमित्ताने एक उन्हाळा 'हिमाद्री'वर काढला. 'हिमाद्री' म्हणजे आर्क्टिकमधलं भारताचं संशोधन केंद्र, १ जुलै २००८ ला सुरू झालेलं, स्वालबारमधल्या नी-ऑलेसुन्ड गावात. आणि वर हॅमवाल्यांनी लिहिलेलं किंग्ज बे म्हणजे तीच जागा.

गावाच्या कडेला एक उंच लोखंडी मनोरा आहे. 'इटालिया' बांधायला तो मनोरा होता आणि शेवटच्या उड्डाणाला ते याच गावातून निघालं. त्याआधी १९२६ मध्ये आमुंडसेन आणि नोबिले 'नोर्गे' या तशाच हवाई जहाजातून ध्रुवाकडे गेले तेही तिथूनच. गावाबाहेर पडायचं तर अस्वलांच्या भीतीने बरोबर बंदूक घ्यावी लागते. आम्ही रविवारी दोघी-तिघी मनोऱ्यापर्यंत जायचो. वारा लोखंडातून सुं सुं करत जातो. खाली बसून थर्मासमधला चहा प्यायचो आणि कोणीच फार बोलायचं नाही.

त्या मनोऱ्यापासून मला 'क्रासिन'ची गोष्ट कळली. धाग्याच्या प्रश्नावर नंतर लिहिते, त्याबद्दल माझ्याकडे एक गोष्ट आहे.

---

मांडवी_तीर

हिमाद्री_परत, काय सुंदर लिहिलंत. अवांतर: आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच गेली ना, 'पोलर सर्कल' जहाजाने? तेच जहाज पुढे ब्रिटिश नौदलाचं 'एन्ड्युरन्स' झालं असं कुठेतरी वाचलं होतं.

---

हिमाद्री_परत

@मांडवी_तीर, पहिलं बरोबर, दुसरं नाही. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. जहाज भाड्याचं, नॉर्वेजियन 'पोलर सर्कल'. पण ब्रिटिशांनी घेतलेलं 'पोलर सर्कल' १९९० साली बांधलेलं, म्हणजे नाव तेच, जहाज वेगळं. ही गल्लत बऱ्याच ठिकाणी दिसते.

आपल्याकडे स्वतःचं ध्रुवीय बर्फफोडी जहाज अजून नाही. दरवेळी भाड्याने. मोहिमेला गेलेल्या प्रत्येकाच्या मनात हे असतं.

---

प्रतिवाद

विषय भारताकडे गेला ते छान झालं, पण मूळ प्रश्न तसाच आहे. 'बाकीच्या दिवशी' नेमकं काय, हे कोणी यादीवार सांगेल का? मग मी माझं मत बदलायचं की नाही ते बघतो.

---

जुने_नकाशे

यादी नाही, पण जमेल तसं सांगतो. या जहाजावर मी बरंच वाचलंय.

सुरुवातच विलक्षण आहे. १९१८ मध्ये ब्रिटिश आरमार आर्खांगेल्स्कवर चालून येत होतं, म्हणून वाट अडवायला रशियनांनीच हे नवंकोरं जहाज नदीच्या मुखाशी बुडवलं. ब्रिटिशांनी ते वर काढून आपल्या ताब्यात घेतलं. १९२० मध्ये 'सोलोवेय बुदिमिरोविच' हे जहाज बायकामुलांसह सगळे प्रवासी घेऊन कारा समुद्रात बर्फाबरोबर वाहत गेलं होतं. नॉर्वेच्या ओटो स्वेर्द्रुप यांनी, ध्रुवसंशोधक नान्सेनच्या 'फ्राम' जहाजावरचे तेच कप्तान, 'स्व्यातोगोर' घेऊन जाऊन जूनमध्ये त्या सर्वांना सोडवलं. म्हणजे १९२८ ही पहिली सुटका नव्हतीच.

आणि हे बघा: सुटलेल्या त्या जहाजाचं नाव पुढे 'मालिगिन' झालं. १९२८ मध्ये नोबिलेंच्या शोधासाठी रशियाने पाठवलेल्या जहाजांत 'मालिगिन'ही होतं.

१९२१ मध्ये लंडनमधले सोव्हिएत प्रतिनिधी लिओनिद क्रासिन यांच्या प्रयत्नाने जहाज परत विकत मिळालं. ते १९२६ मध्ये वारले, पुढच्या वर्षी जहाजाला त्यांचं नाव दिलं.

१९२८ ची गोष्टही १२ जुलैला संपत नाही. मोडकं सुकाणू घेऊन दुरुस्तीला परतत असताना 'मोन्ते सेर्वान्तेस' या जर्मन प्रवासी जहाजाची हाक आली. बर्फाला धडकून भोक पडलेलं, वर सुमारे १,५०० प्रवासी. 'क्रासिन'च्या पाणबुड्यांनी खाली उतरून भोकं बुजवली. स्टाव्हांगरला दुरुस्ती झाली की पुन्हा उत्तरेला, आमुंडसेन आणि फुग्याबरोबर गेलेल्या सहा जणांच्या शोधात. कोणी सापडलं नाही. ऑक्टोबरमध्ये लेनिनग्राडला परतले.

मग खरी 'बाकीची' नोकरी. सायबेरियाच्या नद्यांच्या मुखांपर्यंत मालवाहू जहाजं पोचवणं. १९३३ मध्ये लेना नदीच्या मुखाकडे जाणारा पहिला ताफा याने नेला. १९३४ मध्ये 'चेल्युस्किन' हे सोव्हिएत जहाज आर्क्टिकच्या बर्फात बुडालं तेव्हा लेनिनग्राडहून पनामा कालव्यातून वळसा घालून बेरिंगच्या बाजूला गेलं, पण तोवर विमानांनी बर्फावरच्या १०४ जणांना आणलं होतं. युद्धात १९४२ च्या पीक्यू-१५ या, रशियाला माल नेणाऱ्या दोस्तांच्या ताफ्यातून मुर्मान्स्कला पोचलं. त्या ताफ्यातली तीन जहाजं टॉर्पेडोनं बुडाली. पन्नाशीच्या दशकात पूर्व जर्मनीतल्या विस्मारला मोठी दुरुस्ती झाली: कोळसा गेला, तेल आलं, वरचा सगळा डोलारा नवा चढला. वाफ मात्र राहिली. तोवर १९५९ मध्ये अणुशक्तीवरचं 'लेनिन' आलं होतं आणि १७ ऑगस्ट १९७७ ला 'आर्क्तिका' बर्फ फोडत थेट ध्रुवावर पोचलं.

---

प्रतिवाद

१९२० ची सुटका मला माहीत नव्हती. 'मालिगिन'चं वाचून अंगावर काटा आला. मत थोडं हललं हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

---

सुमेधा_के

मला वाटतं रोज वाट काढत होतं म्हणूनच त्या दिवशी जमलं. इतक्या घाईत माणसं गोळा केली, पण त्यांना बर्फ कळत होता. तो आधीच्या हिवाळ्यांत शिकलेला.

---

इंजिनरूम

+१ सुमेधा. आणि स्टोकर विसरू नका. तेव्हा कोळसा होता. दहा बॉयलर. जहाज बर्फावर धडक देताना खाली फावडं घेऊन उभं राहायचं, लाल भट्टीसमोर. प्राध्यापक, कप्तान, वैमानिक यांची नावं राहिली. फावडंवाल्यांची आपल्यापैकी कोणाला माहीत आहेत?

---

हिमाद्री_परत

आता माझी गोष्ट. बर्फ फोडण्याचं काम सुटल्यावर १९७० च्या दशकात 'क्रासिन' भूगर्भशास्त्र खात्याकडे गेलं. आर्क्टिकमध्ये तेल शोधणाऱ्या मोहिमांना वीज पुरवायचं काम. जहाज एका जागी उभं, पोटात वाफ, आणि तारांमधून किनाऱ्यावर वीज. कुठे? फ्रान्झ जोसेफ लँड आणि स्वालबार. ज्या बेटांच्या उत्तरेला तरुणपणी ती सात माणसं शोधली, तिथेच म्हातारपणी दिवे लावत होतं.

नी-ऑलेसुन्डला एका वयस्क नॉर्वेजियन सहकाऱ्याने मला हे सांगितलं. आम्ही बाहेर उभे होतो, मध्यरात्रीचं ऊन होतं. नांगर_टाका, तुमच्या बाबांना हे जरूर सांगा.

---

अनघा_पु

लेकीने चित्र काढलंय. जहाज, लाल तंबू आणि तंबूत कुत्री. नोबिलेंबरोबर ती आधीच गेली होती असं सांगितलं तर म्हणाली, "माझ्या चित्रात ती थांबलीय, बाकीच्यांना सोबत म्हणून."

---

नांगर_टाका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर धागा बाबांना पहिल्यापासून वाचून दाखवला, दीड तास लागला. मध्ये दोनदा थांबवलं त्यांनी. एकदा पातीच्या जागी: "एक पाती गेली म्हणजे शाफ्ट हादरला असणार, बेअरिंग गरम झाली असणार. कोणीतरी रात्रभर हात लावून बघत बसला असेल." दुसऱ्यांदा 'मोन्ते सेर्वान्तेस'च्या पाणबुड्यांपाशी. पाणी किती थंड असेल, खाली किती वेळ राहता येत असेल, असं विचारत होते. त्यांच्या टगवरचा एक पाणबुड्या, आता हयात नाही, त्याच्याबद्दल बराच वेळ बोलले. मी हे आधी कधी ऐकलं नव्हतं.

वीज पुरवण्याचं वाचलं तेव्हा काही म्हणाले नाहीत. झोपायला जाताना दारात थांबून विचारलं, "आत्ता त्याच्या बॉयलरमध्ये आग आहे का?"

नाही म्हटलं, आता फक्त बघायला ठेवलंय.

"मग धक्क्यावरून त्याला वीज देत असतील," म्हणाले, आणि दिवा मालवला.